मोठ्या शिकारीची बोल्ट रायफल : निवडीचा विचार



हत्ती, रानरेडा, सिंह अशा जनावरांसमोर उभे राहावयाचे तर हाती कोणती बोल्ट रायफल असावी, हे एका कामगार कार्यकर्त्याने शहरातील श्रोत्यांना सांगावे, यात थोडी गंमत आहे हे मला मान्य आहे. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा शौक संपविला, आणि संपविला हे योग्यच झाले. मी स्वतः आयुष्यात साधा ससाही मारलेला नाही. मी मूळचा टर्नर. पुढे युनियनच्या कामात पडलो आणि वाचावयाचे ते पाळी संपल्यावर वाचले. तेव्हा या सभागृहातून उठून उद्या कोणी रायफल आणावयास जाईल, अशी धास्ती संयोजकांनी बाळगू नये.

तरीही हा विषय मी घेतला, कारण आफ्रिकेत हा आजही एक धंदा आहे. केनियाने १९७७ साली शिकार बंद केली. बोट्स्वानाने २०१४ मध्ये बंद केली व २०१९ मध्ये पुन्हा सुरू केली. झिंबाब्वे, टांझानिया, नामिबिया, दक्षिण आफ्रिका येथे परवान्याने ती चालते. ती चालावी की नाही, हा वाद मोठा आहे आणि तो आज मी उकरीत नाही. पण जेथे चालते तेथे माणसे कशी चालतात ते पाहा. सर्वांत पुढे माग काढणारा, ज्याला आपल्याकडे पागी म्हणत. त्याची नजर जमिनीवर, आणि हातात बहुधा काठीखेरीज काही नाही. त्याच्या मागे परवानाधारक व्यावसायिक शिकारी, आणि त्याच्याजवळ पैसे मोजून आलेला पाहुणा. जखमी रानरेडा झाडीतून चाल करून आला तर तीस पावलांचे अंतर तो दोन-तीन सेकंदांत तोडतो. त्या वेळी रायफल अडली, किंवा पाहुण्याचा नेम पहिल्याच गोळीला चुकलेला असला, तर किंमत प्रथम पुढच्या माणसाने मोजावयाची. रायफल निवडताना मात्र त्याला कोणी विचारीत नाही. माझ्यासारख्या माणसाला हा विषय जवळचा वाटतो तो येथे.

आता यंत्राकडे वळू. बोल्ट रायफल म्हणजे दाराच्या कडीचीच एक सुधारलेली जात. मूठ वर उचलावी, बोल्ट मागे ओढावा, रिकामे काडतूस बाहेर उडते. बोल्ट पुढे ढकलावा, मॅगझिनमधील नवे काडतूस नळीच्या घरात जाते. मूठ खाली दाबली की बोल्टच्या तोंडाशी असलेले दोन पोलादी कान खाचेत बसतात आणि दार घट्ट बंद होते. आपल्या पोलिसांनी वर्षानुवर्षे खांद्यावर वागविलेली थ्री-नॉट-थ्री ही याच कुळातली. फक्त तिचे कान मागच्या बाजूस असतात.

या कुळाचा मूळपुरुष म्हणावा अशी रचना जर्मनीतील ओबर्नडोर्फ गावच्या पॉल माउझर याने १८९८ साली सिद्ध केली. तीत पुढच्या दोन कानांखेरीज मागे तिसरा कान ठेवला आहे, तो केवळ विमा म्हणून. काडतुसाची टोपी फुटून तप्त वायू मागे आला तर त्याला बाजूने वाट काढून देणारी भोके आहेत, आणि उरलेला वायू डोळ्यांवर येऊ नये म्हणून बोल्टच्या मागच्या टोकाशी एक रुंद कडा आहे. इतकी काळजी घेणाऱ्या या माणसाचा स्वतःचा एक डोळा १९०१ साली दुसऱ्याच एका, आपोआप भरणाऱ्या, रायफलची चाचणी घेताना गेला. सव्वाशे वर्षे होऊन गेली, पण मोठ्या शिकारीच्या बोल्ट रायफलींत जी नावाजली जातात त्यांतील बहुतेक या रचनेचीच लेकरे वा नातवंडे आहेत.

याचे कारण एका लांब पोलादी नखीत आहे. ती बोल्टच्या बाजूला बसविलेली असते आणि बोल्ट फिरला तरी ती फिरत नाही. मॅगझिनमधून काडतूस वर निघू लागताच त्याची कड सरकत जाऊन या नखीखाली अडकते. म्हणजे काडतूस नळीत शिरण्यापूर्वीच बोल्टच्या ताब्यात आलेले असते. ते नळीत जाईपर्यंत, आणि उडून बाहेर पडेपर्यंत, नखी त्याला सोडीत नाही. दुसऱ्या प्रकारात बोल्ट काडतुसाला मागून नुसता ढकलतो, आणि दार पूर्ण बंद होताना छोटी आकडी त्याच्या कडेवर टचकन बसते. हा प्रकार करावयास सोपा व स्वस्त. टेबलावर दोन्ही प्रकार सारखेच गोड चालतात.

फरक पडतो तो माणूस घाबरला म्हणजे. समजा, शिकाऱ्याने बोल्ट पुढे ढकलला, पण मूठ खाली दाबण्यापूर्वीच घाईत पुन्हा मागे ओढला. ढकलणाऱ्या प्रकारात पहिले काडतूस नळीतच राहते, कारण आकडीने त्याला अजून धरलेलेच नाही. बोल्ट पुन्हा पुढे आला की दुसरे काडतूस पहिल्याच्या बुडावर जाऊन आपटते, आणि रायफल बंद पडते. नखीच्या प्रकारात बोल्टबरोबर पहिले काडतूसही मागे येते व बाहेर पडते. एक गोळी वाया गेली, पण रायफल चालू राहिली.

मी तरुणपणी ज्या कारखान्यात होतो तेथे एका प्रेसचे संरक्षक दार काढून ठेवले होते. उत्पादन वाढते म्हणून. कामगार हुशार आहे, तो हात घालणार नाही, असे वरिष्ठ म्हणत. सकाळी आठ वाजता तो खरोखरच हात घालीत नव्हता. आठव्या तासाला, डोळे जड झाल्यावर, एकाने घातला. यंत्र पारखावयाचे ते त्या आठव्या तासाच्या माणसासाठी. जो थंड डोक्याने बोल्ट शेवटपर्यंत ढकलतो त्याला ढकलणारी रायफल पुष्कळ वर्षे काही दगा देत नाही, आणि अशा रायफलींनी कित्येकांनी उत्तम काम केले आहे हेही खरे. पण रानरेडा समोर आला असता मी किती थंड राहीन हे आधी कोणाला ठाऊक? सबब माझे मत नखीच्या बाजूने आहे.

येथे अमेरिकेतील एक हकीकत सांगतो. विंचेस्टर कंपनीची ‘मॉडेल ७०’ ही रायफल १९३६ साली निघाली. नखी माउझरची, पोलाद एका अखंड घडीव तुकड्यातून कोरलेले, दस्त्यावरची नक्षी हाताने कापलेली. १९६४ साली कंपनीने रचना बदलली. नखी गेली, ढकलणारा बोल्ट आला, नक्षी कापावयाच्या ऐवजी लाकडावर दाबून उठविली जाऊ लागली. कारण उघड होते : यंत्रावरचे तास कमी करावयाचे. शिकाऱ्यांनी एवढा ओरडा केला की चौसष्टपूर्व रायफल हा शब्दच बाजारात रूढ झाला, आणि तिची जुनी नगे नव्यापेक्षा महाग विकू लागली. पुढे १९९० नंतर कंपनीला नखी परत आणावी लागली. मधल्या काळात न्यू हेवनच्या त्या कारखान्यात १९७९ साली मोठा संप झाला, १९८१ साली मालकी बदलली, आणि २००६ साली कारखानाच बंद पडला. माल उतरला की लोक कारागिराला नावे ठेवतात. पण नखी काढावयाची हे लेथवरच्या माणसाने ठरविले नव्हते. ते आराखड्यावर ठरले होते. ज्याला त्या काळातील रायफल घ्यावयाची असेल त्याने सालाचा आकडा जरूर पाहावा.

बोल्टऐवजी दुनळी रायफल का नको, असा प्रश्न येईल. दुनळीत दोन नळ्या, दोन चाप, दोन वेगळी यंत्रे; दुसरी गोळी क्षणात निघते. पण दोन्ही नळ्यांच्या गोळ्या एकाच ठिकाणी जाव्यात म्हणून कारागिराला नळ्या पुनःपुन्हा जुळवून, गोळ्या झाडून पाहाव्या लागतात. नव्या इंग्लिश दुनळीची किंमत घराच्या किमतीत मोजावी लागते. जो पगारावर आहे, त्याचे हत्यार बोल्टच. हॅरी सेल्बी या पूर्व आफ्रिकेतील नामांकित शिकाऱ्याची दुनळी १९४९ च्या सुमारास मोटारीखाली सापडून निकामी झाली. नडीपोटी त्याने नैरोबीच्या दुकानातून .४१६ रिग्बी जातीची एक बोल्ट रायफल उचलली, आणि पुढे अनेक वर्षे तीच वापरली. रॉबर्ट रुआर्क या अमेरिकन लेखकाने त्याच्याविषयी लिहिले, आणि त्या रायफलीचे नाव जगभर झाले.

आता जोर किती असावा ते पाहू. आकडे थोडेच देतो. .३७५, .४१६, .४५८ ही गोळीच्या व्यासाची मापे आहेत, इंचाच्या हजाराव्या भागात. मिलिमीटरमध्ये साधारण साडेनऊ, साडेदहा आणि साडेअकरा. आपल्या थ्री-नॉट-थ्रीची गोळी सुमारे ११ ग्रॅमची. .३७५ ची १९ ग्रॅमच्या वर, .४१६ ची जवळजवळ २६, आणि .४५८ ची ३२ ग्रॅमच्या वर. वेग मात्र .३७५ चा अधिक, सेकंदाला साडेसातशे मीटरच्या घरात; .४१६ चा सातशेच्या वर; .४५८ चा सहाशेच्या वर.

.३७५ हे काडतूस हॉलंड अँड हॉलंड या लंडनच्या घराण्याने १९१२ साली काढले. त्याचा आकार निमुळता आहे, त्यामुळे ते नळीत लोण्यासारखे शिरते व तसेच बाहेर येते. आफ्रिकेतील अनेक देशांच्या नियमांत धोकादायक जनावरांसाठी याच मापाच्या आसपास किमान मर्यादा ठेवलेली आढळते. .४१६ रिग्बी १९११ चे. त्याचे काडतूस मोठ्या पोटाचे असून आतला दाब मुद्दाम कमी ठेवला आहे. त्या वेळची दारू उन्हात तापली की दाब वाढे, आणि दाब वाढला की रिकामे काडतूस नळीत घट्ट चिकटून बसे. चिकटलेले काडतूस म्हणजे बंद पडलेली रायफल. उष्ण प्रदेशाचा विचार करून केलेली ही रचना आहे. १९८८ साली निघालेले .४१६ रेमिंग्टन त्याच ताकदीचे, पण सडपातळ काडतुसात बराच जास्त दाब धरून चालणारे. जेफ्री यांचे .४०४ हे पूर्व आफ्रिकेतील सरकारी शिकारखात्यांच्या नोकरांच्या हाती दीर्घकाळ होते, यावरून त्याच्या गुणांची कल्पना यावी.

.४५८ विंचेस्टर १९५६ साली आले ते स्वस्ताईचा निरोप घेऊनच. ते साध्या लांबीच्या रायफलीत मावत असे, त्यामुळे महागड्या लांब माउझरची गरज उरली नाही. पण आखूड काडतुसात भरपूर दारू ठासून भरावी लागे, आणि काही साठ्यांतील दारू काळाने घट्ट होऊन गोळी मंद निघाल्याच्या तक्रारी आल्या. जॅक लॉट या अमेरिकन शिकाऱ्याला १९५९ साली मोझांबिकमध्ये रानरेड्याने तुडविले, त्या वेळी त्याच्या हाती .४५८ च होती. त्याने पुढे १९७१ साली त्याच मापाचे, पण लांब काडतूस तयार केले, ते.४५८ लॉट या नावाने ओळखले जाते. त्याची सोय अशी की लॉटच्या रायफलीत अडीअडचणीला जुने आखूड काडतूसही चालते. आजच्या दारूने जुना दोष बराच निवारला आहे.

काडतूस मिळते का, हा प्रश्न या सगळ्याहून वडील आहे. काइनॉक हा इंग्लंडमधील कारखाना मोठ्या शिकारीच्या काडतुसांचा पुरवठादार होता. त्याने १९६० च्या दशकात हे काम थांबविले, आणि उत्तमोत्तम रायफली रातोरात भिंतीवर टांगण्यापुरत्या उरल्या. .४१६ रिग्बीला पुढे नव्या कारखान्यांनी जीव दिला, पण मधली वीसेक वर्षे तिच्या मालकांनी हालातच काढली. विमानाने जाणाऱ्याचे सामान हरवते, आणि दूरच्या गावच्या दुकानात जे मिळते त्यावर भागवावे लागते. तेथे .३७५ मिळण्याचा संभव सर्वांत अधिक.

मग सर्वांत थोर तेच घ्यावे असे वाटेल. येथेच बहुतेक पाहुणे फसतात. गोळी पुढे जाते तसा धक्का मागे येतो, आणि तो हिशेब निसर्ग एका पैचाही चुकवीत नाही. नेहमीच्या हरणाच्या रायफलीच्या मानाने .३७५ चा धक्का सुमारे दुप्पट, .४१६ चा सुमारे तिप्पट. चार-पाच किलो वजनाची रायफलसुद्धा खांद्यावर घणासारखी आदळते. दोनचार वेळा असे झाले की माणसाचे शरीर शिकते : चाप ओढण्याच्या आधीच डोळे मिटतात, खांदा आकसतो, नळीचे टोक खाली जाते. हे मनाच्या इच्छेने थांबत नाही. मग .४५८ ची गोळी पोटात जाते, रानरेडा झाडीत शिरतो, आणि त्याच्या मागावर त्या निःशस्त्र माणसाला जावे लागते.

वॉल्टर बेल या स्कॉटिश शिकाऱ्याने हजारावर हत्ती मारले, आणि त्यांतील बहुसंख्य .२७५ म्हणजे सात मिलिमीटरच्या लहान माउझरने. कारण हत्तीच्या डोक्यात मेंदू नेमका कोठे आहे हे त्याला पक्के ठाऊक होते. आपल्या जिम कॉर्बेटला चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ साली भेट मिळालेली रिग्बी रायफलही याच .२७५ मापाची. त्यांचे अनुकरण करा असे मी म्हणत नाही. आजचे नियमही ते करू देणार नाहीत. पण जागा चुकलेल्या मोठ्या गोळीपेक्षा जागेवर बसलेली लहान गोळी जनावराला लवकर सोडविते, एवढे त्यावरून दिसते. जो वर्षातून दहा-पंधरा दिवस रायफल हाती धरतो त्याने .३७५ घ्यावी, असे मी स्पष्ट म्हणेन. ज्याचे रोजचे कामच जखमी जनावर थांबविण्याचे आहे, त्या व्यावसायिकाला .४१६ किंवा .४५८ शोभते, त्याचा खांदा त्या कामासाठी तयार झालेला असतो.

गोळ्यांचे दोन प्रकार येथेच सांगून टाकतो. मऊ टोकाची गोळी अंगात शिरून फुलते, ती सिंहाला व रानरेड्याच्या पहिल्या नेमाला. घन गोळी फुलत नाही, हाडातून सरळ जाते, ती हत्तीला. दोन्ही एकाच ठिकाणी लागतात की नाही हे आधी कागदावर झाडून पाहावे.

दस्त्याकडे मात्र बारकाईने पाहावे, कारण दुकानदार त्याविषयी बोलत नाही. गालाखालची कड सरळ असली तर धक्का सरळ मागे येतो; कड उतरती असली तर रायफल उसळून गालफडावर बसते. लाकूड फाटते ते पोलादाचा मागचा टेका ज्या खाचेत बसतो तेथे. तेथे आडव्या पोलादी पट्ट्या घातलेल्या असाव्यात. पट्ट्याची पुढची कडी दस्त्यावर नसून नळीवर असावी, नाहीतर धक्क्याने ती पुढचा हात सोलून काढते. दुर्बीण कमी ताकदीची, डोळ्यापासून लांब बसणारी, आणि हाताने झटकन काढता येणारी हवी. फार जवळ बसविलेल्या दुर्बिणीने भुवई फुटलेली माणसे शिकारी छावण्यांत ओळखू येतात. दुर्बीण काढल्यावर उघडी माशी लगेच डोळ्यासमोर आली पाहिजे. नळी बावीस ते चोवीस इंच पुरे. त्याहून लांब नळी काटेरी झुडपात अडकते.

ज्याच्याजवळ फार पैसा नाही त्याने जुन्या बाजारात चेकोस्लोव्हाकियात झालेली ‘झेडकेके ६०२’ किंवा तिची वारस ‘सीझेड ५५०’ शोधावी. दुसऱ्या रायफलीचे उत्पादनही आता थांबले आहे. रूप ओबडधोबड, वजन जास्त, पण पोलाद प्रामाणिक व लांबी मोठ्या काडतुसाला पुरेशी. आपल्याकडे ज्यांनी जावा मोटारसायकल चालविली आहे त्यांना हा स्वभाव ओळखीचा वाटेल; योगायोगाने जावाचा संस्थापक यानेचेक हाही मुळात शस्त्रांचाच कारखानदार होता. अशी रायफल घेऊन चांगल्या फिटरकडून बोल्टच्या वाटा घासून गुळगुळीत करून घ्याव्यात. काम दोन दिवसांचे, फरक जन्माचा.

घेतल्यावर परीक्षा करावी ती अशी. दारू नसलेली खोटी काडतुसे मॅगझिनभर भरावीत. प्रथम बोल्ट अगदी सावकाश चालवावा, मग जितक्या जोरात चालविता येईल तितक्या जोरात. रायफल आडवी धरून, मग उलटी धरून. मूठ अर्धवट दाबून मागे ओढावी, मुद्दाम, घाबरलेल्या माणसासारखी. शंभर वेळा चालवून एकदा जरी अडली तरी ती कारखान्यात परत न्यावी. त्यानंतर खऱ्या गोळ्या, पण दिवसाला दहा-बाराच, आणि उभ्याने. बसून टेबलावरून झाडणाऱ्याला हा धक्का फार लवकर भित्रा बनवितो. उरलेला सराव हलक्या रायफलीने करावा, मात्र बोल्ट तसाच चालणारा हवा, म्हणजे हाताला एकच वळण लागेल.

आफ्रिकेतील छावणीत पाहुणा उतरला की पहिल्या दिवशी त्याला झाडाला लावलेल्या कागदावर दोन-तीन गोळ्या झाडावयास सांगतात. प्रवासात दुर्बीण हलली का ते पाहावयाचे, असे कारण देतात, आणि ते खरेही असते. माग काढणारेही त्या वेळी थोडे बाजूला उभे राहून पाहत असतात. कागदावर भोक कोठे पडले याकडे त्यांचे फारसे लक्ष नसते. पाहुणा चाप ओढताना डोळे मिटतो की काय, आणि पहिली गोळी सुटताच त्याचा हात न सांगता बोल्टकडे जातो की नाही, हे ते बघत असतात.